शिवणी ते बेलोरा, वीस मिनिटं

अकोला, ४ मार्च २००३

चि. सौ. लीलास अनेक आशीर्वाद.

समस्त प्रवासी जनतेच्या वतीनं एक तक्रार नोंदवतो. परवा तुझ्याकडून परतताना एस.टी.त शेजारणीच्या बकरीनं माझ्या नव्या सदऱ्याची बाही बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत चघळली. आणि काल इथल्या सभेत एक साहेब सांगून गेले की, आमचं शिवणीचं अन् तुमचं बेलोऱ्याचं विमानतळ वाढलं की अकोला ते अमरावती हवेतून ऐंशी किलोमीटर, वीस मिनिटं! बकरीला तिकीट लागेल का, असं मी विचारलं. साहेब हसले नाहीत.

आमच्या जावईबापूंना, गोवर्धनला सांग, तुमचा कान लक्षात आहे. तुझ्या लग्नात कानपिळीचा मानाचा दुपट्टा मी घेतला, पण जिलबीच्या नादात नवरदेवाचा कान पिळायचा राहिला. तो अजून टोमणे मारतो. फेडीन म्हणावं.

लोभ आहेच. वाढवायचा तर लोणच्यासकट वाढव.

तुझा दादा,
शेषराव

बेलोरा, ९ मार्च

ती. दादास लीलाचा नमस्कार.

तुले बकरी सुचून राहिली, इथं कुऱ्हाड चालून राहिली. अर्धं वावर धावपट्टीत गेलं. उरला विहिरीचा तुकडा. ‘तो माझा, तो माझा’ करत हे अन् यांचे मोठे भाऊ महादेवराव एकमेकांच्या जिवावर उठले. काल त्या भासऱ्यांनी, महादेवरावांनी, आमच्या बैलाच्या पायावर कुऱ्हाड घातली. बैल बसला तो उठलाच नाही. यांनी त्यांचे दोन दात पाडले. शुक्रवारी मोजणी हाय. दोघंही बंडीच्या उभाऱ्या, ते कडेचे जाड दांडे, उपसून बसले. दोघं मानतात ते फक्त तुले. तू मधात उभा राह्यला तं हात आवरतीन. ये. मले विधवा व्हायचं नाही.

तुयी,
लीला

सरकारी दवाखाना, अकोला, १६ मार्च

चि. सौ. लीलास आशीर्वाद.

आधी हे वाच: गोवर्धन जिवंत आहे. सरपंचांच्या फोनवर निरोप ठेवला, पण पोचला की नाही कोण जाणे.

मी मधे उभा राहून काय झालं ते तू पाहिलंस. उभारी माझा खांदा सोलून त्याच्या टाळूवर बसली. तो आवाज माझ्या कानातून जात नाही. तुला पोलिसांनी जबानीला थांबवलं, आणि कवटी उघडणारा डॉक्टर अकोल्यात, म्हणून आम्ही निघालो. जीप महादेवरावांनी चालवली. मी नको म्हटलं, तर म्हणाले, भाऊ माया हाय, मारला मी, नेईनही मीच. मारामारीत फुटलेल्या ओठाचं रक्त खिडकीतून थुंकत चालवत होते. गोवर्धनचं डोकं माझ्या मांडीवर. मूर्तिजापूरला रेल्वेचं फाटक पडलेलं. त्याचं रक्त माझ्या चपलेत उतरलं. महादेवराव फाटकावर लाथा घालत ओरडत होते. वर आकाश मोकळं होतं, वीस मिनिटांचं. आम्हाला साडेतीन तास लागले. त्याला स्ट्रेचरवर ठेवून महादेवराव स्वतःच ठाण्यात गेले.

डोकं उघडून शिवलं. शुद्ध मात्र येईना. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा. सदऱ्याच्या बाहीपासून बैलापर्यंत सगळं बोललो. ओ नाही. आज दुपारी पट्टीखालून डावा कान दिसला. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी तो धरला आणि पिळला. त्याचे ओठ हलले. शिवीच होती, आपल्या आईवरून. इतकी स्पष्ट शिवी मी आयुष्यात ऐकली नाही.

सकाळच्या गाडीनं ये. लोभ आहे तसाच ठेव.

दादा

ता.क. शिवी आली म्हणून कान सोडला नाही. पुरा पिळला. दुपट्टा फिटला.