डाव्या बाजूचा मोकळा गडी

५ जानेवारी
गाडी पुन्हा गॅरेजच्या खांबाला घासली. डावीकडूनच. लायल म्हणे, दार अरुंद आहे. इतकी वर्षं तेच दार आहे!

७ जानेवारी
रेडिओवर दरसालचं पुराण सुरू झालं. स्टेडियमच्या कठड्यावर यंदा कुणाचं नाव लावायचं, ते समिती महिनाअखेरीस ठरवणार. तोवर या गावाला दुसरा उद्योग नाही. आपल्या फुटबॉल संघाचा एके काळचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून पास देणारा गडी, लायल हॅल्वर्सन त्या लायकीचा की नाही? माझ्या नवऱ्याची लायकी, आणि ठरवणार कोण, तर गाडीत बसून कॉफी पिणारे लोक.

एक म्हणाला, "पासचे आकडे बघा." दुसरा म्हणाला, "आकड्यांचं काय लोणचं घालायचंय? विजेतेपदाची अंगठी एकच ना?" तिसऱ्याने पुढच्या फळीच्या नावाने खडे फोडले. मग ऑर्व्हिल. निवृत्त पोस्टमन, दर हिवाळ्यात न चुकता फोन करतो. "शेवटची दोन वर्षं हॅल्वर्सन भित्रा झाला होता. एक दणका बसला आणि माणूस संपला."

लायल ऐकत होता. "ऑर्व्हिल अजून आहे म्हणायचा," एवढंच म्हणाला.

९ जानेवारी
शुक्रवार, म्हणून क्लबात तळलेला मासा खायला गेलो. लायलने मासा संपवला, डावीकडचा कोबी तसाच. मी हळूच ताट फिरवलं. "अरे, कोबीपण दिला होता का?" दीर डेल म्हणाला, "दादा, म्हातारा झालास." सगळे हसले, मीही हसले.

१० जानेवारी
क्रिस्टाला फोन केला. म्हटलं, इंग्रिडला हॉकीच्या सरावावरून आणायला आजोबांना पाठवू नकोस. "आई, तू बाबांना सारखी न्याहाळत बसतेस. त्यांना नको म्हणून कोण सांगणार? तू?"
मी नाही. माझी हिंमत नाही.

१३ जानेवारी
तो नातीला घेऊन येईपर्यंत खिडकीशी उभी होते. आले.

१५ जानेवारी
शेवटी नेलंच डॉक्टरांकडे. त्यांनी समोरच्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं आणि बाजूने बोट हलवत आणलं. उजवीकडून लगेच दिसलं. डावीकडचं बोट नाकासमोर येईपर्यंत लायल म्हणत होता, "आणा की."

डोक्याच्या फोटोत एक डाग आहे. जुन्या माराचा असेल तर घाबरायचं कारण नाही, जे आहे ते तेवढंच राहील. नवा असेल तर वाढतोय, आणि डोकं उघडावं लागेल. "कधीपासून दिसत नाही?" लायलने खांदे उडवले. "वय झालं, डॉक्टर."
गाडीची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. त्याने मागितली नाही, त्याचीच जास्त भीती वाटते.

१८ जानेवारी
पुन्हा ऑर्व्हिल! "शेवटचे दोन हंगाम बघा. डावीकडे आपला गडी मोकळा, हात वर करून उभा. हा बघतच नाही! त्या नोव्हेंबरच्या दणक्यानंतर डावीकडे एक पास नाही." निवेदक म्हणाला, "म्हणजे घाबरला?" "मग काय, आंधळा झाला?"

कणकेचे हात तसेच घेऊन उभी राहिले. हायसं वाटलं. म्हणजे तेव्हापासूनचं आहे! जुनं आहे!

२० जानेवारी
ऑर्व्हिलला फोन करून बोलावलं. सगळ्या सामन्यांच्या टेप घेऊन आला. टोपी हातात धरून दारातच उभा. मी सगळं सांगितलं. मग आम्ही तिघांनी बसून पाहिलं. खरंच, एकही पास नाही. ऑर्व्हिलचे डोळे भरून आले. "वहिनी, अर्धं दिसत नसताना खेळत होता हा. आणि मी याला काय काय बोललो."
लायल पडद्याकडे बघत राहिला. कॉफी प्यायलाच नाही.

२२ जानेवारी
डॉक्टर म्हणाले, असं असेल तर उत्तम. सहा महिन्यांनी या.
ऑर्व्हिलने रेडिओवर माफी मागितली. गावाचं मतच उलटलं! आता सगळेच म्हणतात, अर्धं दिसत नसताना काय केलं, त्यावर कारकीर्द मोजायला हवी. आज पहिल्यांदा पोटभर जेवले.

२९ जानेवारी
समितीचा फोन आला. नाव लागणार! डेल बिअर घेऊन आला, क्रिस्टा रडली. लायल मात्र उठून गॅरेजमध्ये जाऊन बसला.

३० जानेवारी
सकाळी म्हणाला, "मार्लिस, ऑर्व्हिलचं आधीचंच बरोबर होतं. मला तेव्हा डावीकडचं सगळं दिसायचं. दणका तिकडूनच आला होता ना... तिकडे बघायची छाती व्हायची नाही."

म्हणजे डाग जुना नाही. मी डॉक्टरांना फोन लावलाय. उचलत नाहीत.