बाकावरची माणसं

प्रिय चिमणे,

परवा फोनवर बाबा तुला इतकं तोडून बोलले आणि मीही मध्ये पडले नाही, हे तुझ्या मनाला लागलं असणार. फोनवर मला मोकळं बोलता येत नाही, ते शेजारीच बसलेले असतात. म्हणून लिहितेय.

बाबा कसे होते ते तुला सांगायला नको. जन्मभर लिफ्ट तपासल्या. तपासणीची तारीख वाचल्याशिवाय आपल्याला आत पाय ठेवू द्यायचे नाहीत. त्यांच्यापायी किती जिने चढलो आपण! कुणाच्या नुसत्या सांगण्यावर विसंबायचं नाही, हा त्यांचा खाक्या. निवृत्त झाले आणि त्यांना कुणी काही विचारेनासं झालं. दिवसभर रेडिओची बटणं फिरवत बसायचे. मग बागेतल्या बाकावर त्यांना सर भेटले.

सर कॉलेजात शिकवायचे म्हणे. माणूस वाईट नाही गं, तीच तर पंचाईत आहे. बोलणं लाघवी, आणि समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकून घेतात. त्यांनी बाबांना लिफ्टबद्दल खोदून खोदून विचारलं. बाबा घरी आले ते इतके तरतरीत, की चपलाही न काढता मला सगळं सांगत बसले. दुसऱ्या दिवशी मीच त्यांना लवकर उठवून बागेत पिटाळलं. हळूहळू बोलण्यात 'सर म्हणतात' यायला लागलं. आधी चहातली साखर गेली, मग डॉक्टर 'दुकानदार' झाले आणि एके दिवशी बाबांनी हृदयाच्या गोळ्यांचा डबा कचऱ्यात उपडा केला. मी कडाकडा भांडले. नर्स म्हणून उभी हयात वॉर्डात काढलेली मी. गोळ्या चुकवणाऱ्या पेशंटना कशी फैलावर घ्यायचे ते तू पाहिलंयस. बाबा शांतपणे म्हणाले, "एकदा येऊन ऐक तरी. न ऐकताच ठरवतेस होय?"

म्हणून मीही बागेत गेले. एकेक मुद्दा खोडून काढायचा, असं ठरवून गेले. सरांभोवती बाकावर जमणाऱ्या सगळ्यांनी सरकून मला जागा करून दिली. सर म्हणाले, "ताई, तुम्ही तर आतलं सगळं पाहिलंय. तुम्हीच सांगा." चिमणे, मलाही कितीतरी दिवसांत कुणी काही विचारलं नव्हतं. औषधांनी बिघडलेले एकदोन पेशंट आठवले, ते मी सांगितले. बरे होऊन घरी गेलेले सांगायचे राहूनच गेले. सगळे माना डोलवत होते. मी रोज जायला लागले.

मागच्या आठवड्यात आमच्यातले पोस्टमास्तर बाकावरच कोसळले. त्यांनीही गोळ्या सोडल्या होत्या. अँब्युलन्स येईपर्यंत मी त्यांची छाती दाबत राहिले, उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी सर भरल्या आवाजात म्हणाले, "घरच्यांच्या धाकानं बिचारे चोरून गोळ्या घेत असणार. त्या गोळ्यांनीच घात केला." एकानं मान हलवली, मग दुसऱ्यानं, मग बाबांनी. आणि माझीही हलली. दाखवायला नाही गं, पटलं म्हणून हलली. याच हातांनी त्यांची थांबलेली नाडी पाहिली होती मी.

माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या मीही बंद केल्यात. डोकं सारखं जड असतं. बाकावर म्हणतात, शरीरातलं विष बाहेर पडतंय. ते कशाचं लक्षण आहे हे मला सकाळी उठल्यावर पक्कं ठाऊक असतं, बागेतून परतेपर्यंत ठाऊक नसतं. आज गुडघ्याचं निमित्त काढून घरी राहिले, म्हणून एवढं तरी लिहू शकले. तू ये. आधी फोन करू नकोस, मी नको म्हणेन. आणि आल्यावर दारातच मी तुला सरांचं काहीबाही ऐकवायला लागले, तर माझं ऐकू नकोस. रागावले, रडले तरी ऐकू नकोस. आम्हा दोघांनाही धरून डॉक्टरकडे ने.

आज तरी पूर्णपणे तुझीच,
आई