न उघडलेल्या डब्यातला हसरा शिपाई

मागच्या मृत्युपत्रात (डोंगरावरच्या रोपवेच्या पाळण्यात बसण्याच्या आदल्या दिवशी केलेले) मी लिहिले होते, की बाबांच्या शिपायाच्या डाव्या बाहीला भाजल्याचा डाग आहे. ते चूक आहे. डाग उजव्या बाहीला हवा. बाबा समोर बसून हातवारे करत होते, आणि समोरच्या माणसाचा उजवा हात माझ्या डावीकडे येतो हे माझ्या ध्यानात आले नाही. बाही बदलली आहे, मृत्युपत्रही बदलते. मागचे रद्द समजावे. पाळणा सुखरूप खाली आला होता.

तर मी, वय सत्तावीस, राहणार तिसरा मजला, जिन्यालगतची खोली, हे पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. दबाव फक्त अक्कलदाढेचा आहे. ती सोमवारी काढायची आहे. दातांचे डॉक्टर म्हणाले, "अहो, चहा निवायच्या आत होईल." पण भूल ती भूल. मागे राहणाऱ्यांचा गोंधळ नको.

आधी माझा धंदा सांगते, म्हणजे पुढचे कळेल. हौशी लोक फूटभर उंचीचे, हुबेहूब खऱ्यासारखे सैनिक जमवतात. कारखान्यातून ते कोरे करकरीत येतात, जणू लग्नाला निघालेत. मी त्यांना लढून आलेले करते. गणवेश चहाच्या पाण्यात बुडवते, गुडघे पॉलिश पेपरने घासते, जुन्या टूथब्रशने चिखल उडवते, बंदुकीच्या कडांवरचा रंग खरवडते. पहिले शिक्षण घरीच झाले. टाका आईने शिकवला, डाग बाबांनी. बाबा पलटणीत स्वयंपाकी होते. डागांची त्यांच्याइतकी पारख कोणाला नाही. मी कुठेही चिखल फासू लागले की ते म्हणत, "आधी सांग, हा इथे बसला कसा? मग लाव."

कलम १. माझे एअरब्रश, बारीक चिमटे, भिंग आणि मातीच्या रंगांच्या बाटल्या गल्लीतल्या रंगवाल्याला द्याव्यात. त्याने मला एकदा "बाहुल्यांची ताई" म्हटले होते. त्याबद्दल मी त्याला क्षमा केली आहे, पण "शेवाळी" म्हणून पोपटी दिल्याबद्दल केलेली नाही.

कलम २. वहिनीला एक गणवेश. महिनाभर खपून मी तो मळवला होता, कोपरांना ग्रीस, कॉलरला घामाची कड. मी बाहेर गेले असताना वहिनीने तो साबणाने धुतला, वाळवला आणि माझ्याच कामाच्या बोटभर इस्त्रीने कडक करून घडी घालून ठेवला. वर मलाच म्हणाली, "किती मळवून ठेवतेस गं बिचाऱ्याला! आई असत्या तर ओरडल्या असत्या." तो गणवेश तसाच ठेवला आहे. वहिनीने तो समोर मांडावा आणि अधूनमधून बघावा. (तिचा हेतू चांगला होता, हेही नोंदवते. नाहीतर मला झोप येणार नाही.)

कलम ३. घर बाबांचे आहे, तेव्हा त्याची वाटणी करण्याचा मला अधिकार नाही. मागच्या वेळी केली होती. माफी असावी.

कलम ४. बाबांचा शिपाई. हे मुख्य कलम आहे.

बाजारात सगळे सैनिक बंदूकवाले मिळतात. स्वयंपाकी कोणी बनवत नाही. म्हणून मी एका बंदूकवाल्याची बंदूक काढून घेतली. शर्टाचे बटण आणि तार यांचा वाढायचा डाव करून हातात दिला, कमरेला फडके खोचले. पहिल्यांदा सवयीने गुडघे आणि कोपरे घासून दिली. बाबांनी हातात घेऊन बोटांनी चाचपले. "हा कोण? मी कधी रांगलो नाही गं. माझी उजवी मांडी काळी असायची. पातेलं तिथं टेकवायचो." मग भटारखान्यातल्या सगळ्या डागांची उजळणी झाली. आता शिपाई गळ्यापर्यंत बरोबर आहे.

गळ्याच्या वर घोळ आहे. या सैनिकांची डोकी दात आवळलेली असतात. बाबा म्हणाले, "असा चेहरा करून वाढलं असतं तर शत्रूच्या आधी पलटणीनंच मला गोळी घातली असती."

हसरे डोके एकाच शिपायाचे निघाले होते. तो आमच्याच घरात, दादाच्या कपाटावर, न उघडलेल्या डब्यात आहे. आईने शेवटच्या वर्षी दादाला आणि मला मिळून घेऊन दिला, आणि घेतला तो तोंड बघूनच: "तुमच्या बाबांचं तरुणपणीचं थोबाड आहे हे!" दादा जमवणारा. त्याच्या धर्मात सील तोडणे हे पाप. म्हणून मी या कलमात लिहीत होते, की माझ्या मृत्यूनंतर माझा अर्धा हिस्सा म्हणून डबा उभा कापावा आणि निघेल ते डोके बाबांच्या शिपायाला बसवावे. मी मोजून पाहिले आहे, डोके माझ्या बाजूला येते.

हे लिहीत असताना दादा मागून वाचत होता.

"दाढ काढायला चाललीयेस की सीमेवर?"

"तू बोलू नकोस. तू लाभार्थी आहेस."

"डबा उघडला की तो खेळणं होतो, कळतंय का?"

आतल्या खोलीतून बाबा म्हणाले, "मग आत्ता काय आहे? लोणचं?"

दादा हसला नाही. आम्हा दोघांनाही मागचा आठवडा आठवला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले आहे, की बाबांच्या उजव्या डोळ्याचे काम संपले, डावा वर्षअखेरपर्यंत टिकायचा नाही. त्या संध्याकाळी दादाने डबा खाली काढून त्यांच्या हातात दिला होता. प्लास्टिकच्या खिडकीवर दिव्याची चमक पडत होती. बाबांनी डबा जवळ नेला, लांब नेला, तिरका केला आणि विचारले, "आत कोण आहे रे?"

दादा म्हणाला, "तुम्हीच, बाबा."

"काच फार आहे," एवढेच बाबा बोलले.

म्हणजे हे कलम माझ्या मरणाची वाट बघत बसले तर शिपाई पुरा होईल, पण बघणारा राहणार नाही. माझी लेखणी थांबलेली बघून दादानेच ती काढून घेतली. पुढची ओळ त्याच्या अक्षरात आहे:

"उभा कापायची गरज नाही. खालच्या बाजूने सील काढ. खिडकीवर ओरखडा आला तर दाढेआधी तुझं डोकं काढीन. डबा रिकामा असला तरी माझा."

सबब कलम ४ मृत्यूनंतरच्या वाटणीतून वगळले आहे. रिकामा डबा पूर्णपणे दादाचा. दात आवळलेले डोकेही त्यालाच. डबा उघडताना त्याचा चेहरा तसाच असणार आहे.

साक्षीदार: खालच्या मजल्यावरची नर्स (सही केली, म्हणाली, "दाढेला मृत्युपत्र? हृदयाच्या ऑपरेशनच्या वेळी काय, राज्यघटना?"). दुसरा साक्षीदार रंगवाला ठरला होता, पण कलम १ मुळे तो लाभार्थी आहे, म्हणून त्याच्या जागी त्याच्या दुकानाचा हिशेबनीस (सही केली, कारण विचारले नाही).

ठिकाण: बाबांच्या खोलीतले टेबल. शुक्रवार, १२ जून. सही.

कलम ४ ची अंमलबजावणी माझ्या हयातीत, माझ्या हाताने, दादाच्या देखरेखीखाली आणि दाढेच्या आदल्या दिवशी होईल. सकाळी खिडकीतले ऊन डाव्या बाजूने येते तेव्हा (डाव्या म्हणजे बाबांच्या डाव्या, बाबांना विचारून खात्री केली आहे): रविवार, १४ जून.