घंटावाल्याचा सत्कार

तीर्थरूप भावोजींना मेहुण्याचा नमस्कार (कंबरेमुळे वाकून नाही, पण मनापासून).

तुमचा गुडघा कसा आहे, ताईचा रक्तदाब कसा आहे आणि सध्या कोण कोणाला जास्त त्रास देतं आहे, ते सवडीने कळवावं. इकडे आम्ही ठीक. पत्र मुद्दाम लिहितो आहे, कारण फोन केला की तुम्ही तो स्पीकरवर टाकता आणि ताई भाजी निवडता निवडता सगळं ऐकते. तेव्हा हे एकट्याने वाचा, आणि बसून वाचा.

गेल्या महिन्यात मला मुष्टियुद्ध संघटनेचं पत्र आलं. आपल्या भागातले जुने बॉक्सर आणि या खेळासाठी झटलेली माणसं यांचा सत्कार होणार होता, आणि झटलेल्यांच्या यादीत माझं नाव होतं. भावोजी, मी एकतीस वर्षं रिंगच्या कडेला टेबलाशी बसून घड्याळ पाहिलं आणि घंटा वाजवली. याला झटणं म्हणत नाहीत. आयुष्यात मी कोणाला ठोसा मारलेला नाही (एकदा शिंकताना शेजारच्या पंचाला कोपर लागलं, तेवढंच). त्यामुळे पहिला संशय आला तो फसवणुकीचा. पत्र उजेडात धरून पाहिलं, शिक्का खरा निघाला. दिलेल्या नंबरवर फोन करून, आवाज बदलून, या नावाचे गृहस्थ खरंच यादीत आहेत का, असं विचारलं. पलीकडची मुलगी म्हणाली, हो काका, आणि तुमचाच नंबर दिसतोय इथे. मग दुसरा संशय आला, की गेलेल्यांचे सत्कार उरकून ही मंडळी आता जाणाऱ्यांकडे वळली आहेत, आणि माझ्या तपासणीचे कागद कुठूनतरी यांच्या हाती लागले आहेत. तिसऱ्यांदा पत्र वाचलं तेव्हा कुठे खालची सही दिसली. अध्यक्ष म्हणून सही होती डावखुऱ्याची. तोच, ज्याला तुम्ही अंतिम लढतीत हरवलंत. माझा चहा बशीत गेला.

आता जे लिहितो ते एकेचाळीस वर्षं माझ्या घशात अडकलं आहे. ती लढत तुम्ही एका गुणाने जिंकलात, त्या पदकावर तुम्हाला पाणीपुरवठा खात्यात नोकरी लागली, आणि घरी कोणीही आलं की तुम्ही तिसऱ्या फेरीचं वर्णन करता. त्या वर्णनात तुम्ही त्याला दमवत असता. मी तीन हातांवर बसलो होतो, भावोजी. तुम्ही दोरांना टेकला होता, तुमचे हात खाली आले होते, आणि त्याचा डावा हात काही थांबत नव्हता. लग्नाला तीन आठवडे उरले होते. घरून निघताना आईने मला बजावलं होतं, की फोटो काढायचे आहेत, जावयाचं नाक जागेवर राहिलं पाहिजे. समोर ताई रुमाल चावत होती. माझ्या घड्याळात अजून वेळ होता, आणि मी घंटा वाजवली. तेव्हा टेबलावर घड्याळ एकच असायचं आणि ते माझ्या हातात असायचं, त्यामुळे कोणाला कळलं नाही. डावखुऱ्याला सुवर्णपदकही मिळालं नाही आणि नोकरीही नाही. पुढे तो मालाच्या गाड्या चालवायचा आणि रविवारी एका रिकाम्या गोदामात पोरापोरींना बॉक्सिंग शिकवायचा, एवढं ऐकून होतो. रस्त्यात दिसला की मी पलीकडच्या फुटपाथवर जायचो.

असा माणूस मला मानाने बोलावतो, हे कोणाला पटेल? आदल्या दिवशी मी सभागृह पाहून आलो. स्टेज नव्हतंच. मधोमध रिंग बांधली होती, चारी बाजूंनी दोर. सुताराला सहज विचारल्यासारखं विचारलं, की सत्कार कुठे. तो म्हणाला, आतच, एकेकाला आत घ्यायचं आहे. बाहेर यायला वाटा किती, असं विचारलं तर एकच म्हणाला आणि तोंडात खिळे धरून हसला. मला तो माणूस आवडला नाही. न जावं तर गुन्हा कबूल केल्यासारखं, आणि जावं तर नाकाचा प्रश्न. शेवटी त्या सकाळी मी कवळी काढून खिशात ठेवली (नवी आहे, डॉक्टरने दोनदा घासून बसवली आहे) आणि चष्मा हिच्याकडे दिला. ही म्हणाली, सत्काराला निघालात की ऑपरेशनला?

खरं सांगतो, पहिला अर्धा तास मी भीती विसरलो. आधी हातमोजे शिवणाऱ्या मावशींना आत घेतलं. कितीतरी वर्षं त्या फाटके हातमोजे घरी न्यायच्या, उसवायच्या, आतला गोळा झालेला भरणा मोकळा करून पुन्हा शिवायच्या. माईकवर बोलायचं सोडून त्यांनी शेजारच्या मुलीचा हातमोजा हातात घेऊन पाहिला आणि टाका सैल आहे म्हणाल्या. मग फुटलेल्या भुवया शिवणारे डॉक्टर आले. त्यांना चेहरे आठवत नव्हते, व्रण आठवत होते, आणि त्यावरून त्यांनी सात जणांना ओळखलं. मग 'खांब'. आठवतो ना? त्रेचाळीस लढती, सगळ्या हरला, खाली एकदाही पडला नाही. त्याचं नाव पुकारल्यावर सगळं सभागृह उभं राहिलं, तर कोण आलं म्हणून तो मागे वळून पाहायला लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं (चष्मा नसल्यामुळेही असेल).

मग माझं नाव आलं. डावखुरा आता जाड झाला आहे, केस गेले आहेत, पण हात तोच. सन्मानचिन्ह त्याने उजव्या हातात धरलं आणि डावा हात माझ्या खांद्याकडे आणला. मी खाली बसलो. वाकलो नाही, बसलोच. लोक हसले. त्याने मला काखेत हात घालून उभं केलं आणि कानाशी म्हणाला, "चौदा सेकंद होते."

(मी स्वतःला इतकी वर्षं दहाच सांगत आलो होतो.) त्याच्या कोपऱ्यात त्याचे वडील मनगटी घड्याळ घेऊन उभे होते म्हणे. मी माफी मागायला तोंड उघडलं तर हातात माईक आला. म्हटलं, होऊन जाऊ दे. भावोजी, मी त्या भरल्या सभागृहात सगळं सांगितलं. आई, नाक, घंटा, तुमची नोकरी, काही म्हणजे काही ठेवलं नाही. पण कवळी खिशात होती, त्यामुळे एक अक्षर कोणाला कळलं नाही. लोकांना वाटलं, म्हातारा भारावला आहे. पहिल्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या.

टाळ्या थांबेपर्यंत डावखुरा माझा हात धरून उभा होता. मग हळूच म्हणाला, "सत्कार त्या दिवसाचा नाही. पुढच्या तीस वर्षांचा आहे. त्यानंतर तुमची घंटा कधी चुकली नाही. मी दर वेळी घड्याळ लावून बसायचो."

मी खिशातून कवळी काढून तिथेच तोंडात बसवली.

सन्मानचिन्ह कपाटात ठेवलं आहे. तळाचा स्क्रू काढून पाहिला, आत काही नाही. तरीपण इतका सरळ वागणारा माणूस मी पाहिलेला नाही, त्यामुळे मनातून संशय जात नाही.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
मेहुणा

ता. क. संशय खरा ठरला, हे वर लिहायचा धीर झाला नाही. कार्यक्रमानंतर डावखुरा चहा घेऊन शेजारी बसला. म्हणाला, माझा कोणावर राग नाही, फक्त ते चौदा सेकंद राहिले आहेत. पुढच्या रविवारी सकाळी दहाला, त्याच्या गोदामात, तुम्ही आणि तो. मावशी हातमोज्यांत जास्तीचा भरणा घालणार आहेत, डॉक्टरही येतील. मी तुमच्या गुडघ्याचं सांगितलं, तर म्हणाला, माझे दोन्ही गेले आहेत. घंटा मी वाजवायची आहे. घड्याळ मात्र 'खांबा'कडे राहील.

ता. क. दुसरा. नकार द्यायचा विचार असेल तर उशीर झाला आहे. काल ताईचा फोन आला होता, बोलता बोलता सगळं निघालं, आणि तिने तुमच्या वतीने होकार देऊन टाकला. चौदा सेकंदांत काय होणार, एवढीच तिची तक्रार आहे.