उजेड तोंडावर हवा

५ नोव्हेंबर, बुधवार

कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या म्हणे. मी ओट्याशीच उभी होते, लसूण सोलत — मला दोनच ऐकू आल्या! डाळीचा पार लगदा. सून आली धावत. "आई, ध्यान कुठी असते तुमचं आजकाल?" ध्यान कुकरवरच होतं, समीक्षाबाई. कानांनी दगा दिला.

इथे लिहायला हरकत नाही. पोळ्यापासून असं आहे — बोलणाऱ्याचे ओठ दिसले तर सगळं कळतं, नाहीतर निम्मं. घरात कोणाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. माझ्या मायचं काय झालं ते मी पाहिलंय. आधी सगळे तिच्याशी ओरडून बोलायचे. मग "जाऊ दे, तिले आयकू येत नाई" सुरू झालं. मग कोणी बोलेचना. सात वर्षं नुसती गहू निवडत बसली बिचारी. निवडलेलेच पुन्हा निवडायची.

६ नोव्हेंबर, गुरुवार

हॉलला दिवाळीत रंग दिला, दिवे राहिलेत. ऋतिक छतात बसवायचे गोल दिवे आणतो म्हणाला. मी म्हटलं, भिंतीवरचे हवेत.

"काहून?"

"डोक्यावरचा उजेड सोसत नाही मले."

खोटं! वरून उजेड आला की नाकाची सावली ओठांवर पडते. हे पोराला कसं सांगणार? दारावरची ट्यूबलाइट तर ह्यांच्या खुर्चीच्या बरोबर मागे. दिवेलागणीला हे काहीतरी बोलत असतात आणि मला समोर नुसता काळा ठोकळा दिसतो.

८ नोव्हेंबर, शनिवार

अतुल येऊन गेला. नेरातल्या अर्ध्या घरांची वायरिंग त्याचीच. चार नमुने घेऊन आला होता. एक दिवा वर आणि खाली उजेड फेकतो, भिंतीवर नक्षी उमटते. समीक्षाला तोच हवा होता. म्हणजे भिंतीला उजेड आणि माणसं अंधारात! मी दुधी काचेचे दोन घेतले. डोळ्यांना टोचत नाहीत, उजेड सगळीकडे सारखा पडतो. रंग ना फार पिवळा, ना दवाखान्यासारखा पांढरा.

"काकू, साडेसहा फुटावर ठोकतो."

"साडेपाच."

"डोयात जाईन ना!"

"जाऊ दे. आन् सोफ्याच्या मांगं नको. समोर, माह्या खुर्चीच्या दोन्ही बाजूले."

"लोकं तर सोफ्याच्या मांगंच लावतेत..."

बटणही खुर्चीत बसून हात पुरेल असं खाली घ्यायला लावलं. ऋतिक हसून म्हणाला, "आईनं तं इंजिनेरच व्हायले पाह्यजे होतं." हसा मेल्यांनो! हे पेपरात डोकं घालून बसले होते.

९ नोव्हेंबर, रविवार

दिवे लागले. सोफ्यावर बसलेल्या ऋतिक-समीक्षाचे ओठ — छापील अक्षरं जशी!

११ नोव्हेंबर, मंगळवार

पण ह्यांचं काय करू? मिशी! चाळीस वर्षांची, झुपकेदार. वरचा ओठ पूर्ण झाकलेला, खालचा अर्धा. कितीही उजेड पाडा, मिशीच उजळते. उघडा ओठ मी लग्नानंतर दोनदाच पाहिला — सासरे गेले तेव्हा आणि सासूबाई गेल्या तेव्हा. माय-बाप गेल्याशिवाय आमच्यात कोणी मिशी उतरवत नाही.

काल ह्यांनी काहीतरी विचारलं. मी अंदाजाने "हो" म्हटलं. आज कळलं, विचारत होते, कापूस वेचायला बायका घेऊन ये असं बबिताला सांगितलं का. मी कुठलं सांगायला! आज शेतात कोणीच आलं नाही, कापूस बोंडातच राहिला. संध्याकाळी हे माझ्याकडे नुसते पाहत राहिले. मग "बरं" म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

हे आज माझ्याशी एकदाही बोलले नाहीत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आजही नाही. चहासुद्धा समीक्षाला मागितला, मी समोर असताना. मायचंही असंच सुरू झालं होतं. फार रडू आलं. दिवे घालवून बसले थोडा वेळ — कशाला हवेत!

१५ नोव्हेंबर, शनिवार

हे सकाळी सलूनात गेले आणि मिशी काढून आले! सगळ्या गल्लीचा एकच प्रश्न — "कोन गेलं, घनश्यामभाऊ?" शेजारची बिजलीबाई तर डोक्यावर पदर घेऊन, रडायच्या तयारीनेच दारात आली. "कोनी नाई गेलं," म्हणाले आणि आत आले. ऋतिक विचारून विचारून थकला.

संध्याकाळी स्वतःच्या हाताने दोन्ही दिवे लावले. आपली खुर्ची सोडून सोफ्यावर बसले, माझ्या अगदी समोर. तो ओठ केवढा गोरा दिसतो, ऊनच माहीत नाही त्याला! माझ्याकडे पाहून सावकाश म्हणाले, "सोमवारी यवतमाळले जाऊ. कानाच्या डाक्टरकडे. दोघंच."

समीक्षा त्यांच्या बाजूलाच मेथी निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. म्हणजे ह्यांनी आवाज काढलाच नव्हता.