आठ शनिवारांच्या सह्या

जयपूर,
रविवार, ११ जानेवारी २०२६

चि. संग्राम,

आशीर्वाद. तुम्ही सगळे खुशाल असाल असं धरून चालते. मी बरी आहे. गुडघा बरा नाही, पण तोही माझ्याएवढाच म्हातारा आहे, त्याला काय बोलायचं. संक्रांत तीन दिवसांवर आली म्हणून इथली पोरं सकाळपासून गच्चीवर आहेत आणि त्यांची गाणी माझ्या खिडकीत आहेत. तिळगूळ कुरियरने पाठवला आहे. वड्या या वर्षी जरा कडक झाल्या.

तुझा निरोप मिळाला. तुझ्या मेंटॉर योजनेला पाच वर्षं झाली, पुस्तिका निघणार, आणि तुझ्या आत्याने 'मुलांना घडवण्याचा आनंद' दोनशे शब्दांत लिहून हसऱ्या फोटोसह पाठवावा. हसरा फोटो माझ्याकडे नाही. आनंदाचं खाली लिहिते, पण ते दोनशे शब्दांत मावायचं नाही.

तू ही योजना पुण्यात बसून पडद्यावर पाहतोस. कंपन्यांतली अनुभवी माणसं, एक पैसा न घेता, एक शनिवार सोडून एक, शेवटच्या वर्षाच्या मुलांना शिकवतात. वाचायला फार छान. मी ती इथे जयपूरबाहेर, चौमूं गावाच्या अलीकडच्या त्या कॉलेजात पाहिली. पहिल्या दिवशी आम्हा बारा मेंटॉरांना साफे बांधले. मलाही. अडुसष्ट वर्षांच्या बाईच्या डोक्यावर साफा चढवून इंजिनिअर घडत असतील तर घडोत.

मग भाषणं. रणजीतसिंह म्हणून एक गुडगावचे मोठे साहेब होते. आपण कसे पडलो, कसे उठलो, हे त्यांनी तासभर सांगितलं. त्यांची कंपनी बनवते काय, हे तासाअखेर मला कळलं नाही, आणि मी लक्ष देऊन ऐकत होते. पोरांना म्हणाले, स्वप्नं मोठी बघा. त्या पोरांतल्या निम्म्यांना दोन तारा धड जोडता येत नव्हत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण पुढे कचोरी होती. दुसरे एक गृहस्थ गाडी चालवता चालवता फोनवरून मार्गदर्शन करत. सिग्नलला थांबले की मार्गदर्शन जरा खोल व्हायचं. या लोकांना मुलांशी काही देणंघेणं नाही रे. त्यांना कंपनीत दाखवायला सर्टिफिकेट हवं असतं आणि भिंतीवर फोटो. फुकट काम करणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही, एवढंच त्यांना त्यातलं आवडतं.

माझ्या वाट्याला प्रणाली आली. कॉलेजातला तुमचा समन्वयक निलय म्हणाला, मॅडम, आपकी मराठी लडकी है. वडील गुलाबराव, मूळ भुसावळकडचे, रेल्वेत माझ्याच सिग्नल खात्यात टेक्निशियन. राहतात मुरलीपुऱ्यात. मुलगी जयपुरातच वाढलेली, त्यामुळे मराठी अशी: "मॅडम, मतलब, मोटर जलायच्या पहले हे यंत्र सांगतं." मोटरच्या थरथरीवरून ती बिघडणार आहे हे आधी ओळखायचं, असा तिचा प्रोजेक्ट. कल्पना वाईट नव्हती. रिपोर्टचं इंग्रजी मात्र भयंकर होतं. मी नन्सच्या हाताखाली शिकले आहे, एक शब्द चुकला की हातावर पट्टी बसायची. दोन शनिवार मी तो रिपोर्ट लाल पेनाने सुधारला. समासात लिहिलं, हे इंग्रजी नव्हे. तिने मान खाली घालून सगळं पुन्हा लिहून आणलं. मी पुन्हा लाल केलं.

नोव्हेंबरच्या शेवटी निलयने सगळ्या मेंटॉरांना चहाला बोलावलं. टेबलावर डायऱ्यांची चळत होती. प्रत्येक विद्यार्थ्याच्या डायरीत आठ शनिवारच्या आठ भेटी, तारखा आधीच घातलेल्या, 'प्रगती समाधानकारक' हेही छापलेलं. पाहणीसाठी बाहेरून लोक येणार होते म्हणे. रणजीतसिंहांनी फोनवर बोलता बोलता पाच डायऱ्या संपवल्या. सगळ्यांनी सह्या केल्या.

मी चहा अर्धा टाकून निघाले, असं तुला लिहायचं मनात होतं. तसं झालं नाही. मीही केल्या. आठही. चहा पूर्ण प्यायले.

डिसेंबरात परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकाने प्रणालीचं यंत्र पाहिलं आणि म्हटलं, हे बाजारातलं आहे. इथे तयार प्रोजेक्ट विकणारी दुकानं आहेत, आणि तिने नुसता प्लास्टिकचा डबा तसल्या दुकानातून घेतला होता. डब्यावर दुकानाचं नाव. झालं. निकाल रोखला, चौकशी समिती बसली. मुलीला एका कंपनीत नोकरी ठरली आहे. ही परीक्षा बुडाली तर वर्ष जातं आणि नोकरीही जाते.

समितीने मला बोलावलं. निलयने माझी ओळख फार गोड करून दिली. मग अध्यक्षांनी डायरी उघडून विचारलं, आठ भेटींत तुम्ही यंत्र चालताना किती वेळा पाहिलंत?

मी म्हटलं, रिपोर्ट पाहिला होता.

यंत्र?

"मला नीट आठवत नाही," मी म्हटलं. इंग्रजीत. उत्तम इंग्रजीत.

त्यावरून त्यांनी सरळ हिशेब केला. मेंटॉर आठ वेळा भेटते, आठांत मुलगी एकदाही यंत्र दाखवत नाही, आणि परीक्षेला एकदम तयार यंत्र येतं. म्हणजे विकत आणलं. प्रणाली समोर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग टेबलाकडे पाहत राहिली. मी पर्स उचलून बाहेर आले.

संग्राम, मला चांगलं आठवत होतं. भेटी दोन झाल्या होत्या. बाकी शनिवारी ती फोन करायची, मॅडम, यंत्र घेऊन येऊ का. मी म्हणायचे, आधी इंग्रजी सुधार, मग यंत्र. तिने चार वेळा विचारलं. चारही वेळा मी हेच सांगितलं, कारण तिचं 'मतलब' ऐकून माझं डोकं उठायचं. रणजीतसिंह निदान मुलांवर चिडत तरी नसत.

परवा मी मुरलीपुऱ्याला गेले. गुलाबरावांनी खुर्ची पुसून दिली. तुला माहीत नसेल, नोकरीत असताना मी तिघांची वेतनवाढ थांबवली होती, जागेवर न जाता रजिस्टरमध्ये सही केली म्हणून. खात्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे. गुलाबरावांनाही. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते हात जोडून म्हणाले, "डायरीत तुमची सही होती ना मॅडम, म्हणून आम्ही निर्धास्त होतो."

प्रणाली चहा घेऊन आली. मी तिला विचारलं, आठ भेटी झाल्याच नाहीत, हे तू समितीला का नाही सांगितलंस?

"मला वाटलं, तुम्ही बोलाल."

या वाक्यात मला एकही चूक सापडली नाही.

मग मी तिला म्हटलं, यंत्र दाखव. ते कॉलेजने जप्त केलं आहे. पण त्याच्या आधी केलेलं, उघड्या तारांचं, जुन्या पत्र्यावर बसवलेलं एक यंत्र त्यांच्या गल्लीतल्या चंदनच्या आटा चक्कीला अजून लावलेलं आहे. चंदन म्हणाला, ऑगस्टपासून लडकी रोज शाम को आती है, एक बार इसने बोला मोटर बंद करो, मैंने नहीं की, अगले दिन जल गई. मोटर नव्याने भरून घेतल्याची पावतीही त्याने काढून दाखवली.

मी ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवत नाही. ते यंत्र तिच्याकडून सगळं सुटं करून घेतलं. तुकडे माझ्या रुमालावर मिसळून ठेवले आणि म्हटलं, आता जोड. चाळीस मिनिटं लागली. पिठाच्या धुळीत बसून जोडलं, एकदा चुकली, स्वतःच ओळखून सोडवलं. चंदनने माझ्या सांगण्यावरून मोटरचा एक बोल्ट ढिला केला. अर्ध्या मिनिटात तांबडा दिवा लागला. बोल्ट आवळला, दिवा गेला. तीनदा करून पाहिलं. मी चौतीस वर्षं हेच काम केलं आहे, खोटं असतं तर पहिल्याच तपासणीत पकडलं असतं. हे तिचंच आहे. सप्टेंबरात दाखवायला निघाली होती तेव्हाही तिचंच होतं.

शुक्रवारी, सोळा तारखेला, समिती पुन्हा बसणार आहे. मी लेखी देणार आहे की भेटी दोनच झाल्या, बाकी सहा सह्या खोट्या आहेत आणि त्या मी केल्या. मुलीने यंत्र दाखवायला चार वेळा वेळ मागितली, मी दिली नाही. चक्कीवरच्या तपासणीचा अहवाल आणि पावती सोबत जोडली आहे.

निलयचा काल फोन आला. त्याला कुठून कळलं कोण जाणे. फार अदबीने म्हणाला, मॅडम, या वयात विस्मरण होतं, तुम्ही भेटी विसरला असाल. आणि एक डायरी खोटी म्हटली तर सगळ्याच तपासाव्या लागतील, संग्रामजींच्या योजनेचं काय होईल? थोडक्यात, म्हातारी विसरभोळी आहे असं ते शुक्रवारी म्हणणार, आणि आठ सह्या खऱ्या ठरवणार.

म्हणून मला तुझ्याकडून एक कागद हवा आहे. सातवी सही १५ नोव्हेंबरची आहे. त्या दिवशी मी नागपुरात स्वप्नाच्या साखरपुड्याला होते, तुझ्या शेजारच्या पानावर जेवायला. एवढंच लिहून, योजनेचा प्रमुख म्हणून सही करून, गुरुवारपर्यंत पाठव. यातून तुझ्या योजनेचं काय होईल ते मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे. पुस्तिका निघेल की नाही, सांगता येत नाही. तुला हे पत्र फाडून टाकता येईल, आणि मग एका मुलीचं वर्ष एका कागदावाचून गेलं हे तुला आणि मला, दोघांनाच नीट माहीत असेल.

घरी सगळ्यांना सांग. वड्या कडक आहेत, लहानाला देताना फोडून द्या.

माझे आशीर्वाद तुला आहेतच, ते त्या कागदावर अवलंबून नाहीत. तुझ्याबद्दलचं माझं मत मात्र आहे.

गुरुवारची वाट पाहणारी,
अमिताआत्या