हिरवी ज्योत

सोमवार, १४ तारीख, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे आम्ही दोघं ठीक. बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचाही मोतीबिंदू काढला, त्यामुळे माझ्या कामातल्या चुका आता त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसतात. वहिनीचा खोकला गेला का? फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि हे मला शेवटपर्यंत बोलायचंय.

फ्रीजदुरुस्तीचं दुकान बरं चाललंय. मागच्या आठवड्यात नव्या गॅसचे दहा सिलिंडर आले. त्यातला पहिला फोडून दवाखान्यातल्या लसींच्या फ्रीजमध्ये भरला, मग बेकरीच्या फ्रीजमध्ये. बेकरीत सांध्यापाशी गळतीचा संशय आला, म्हणून बाबांचा जुना गळती शोधायचा दिवा पेटवला. हसू नकोस. तो दिवा फक्त जुना गॅस ओळखतो, नव्या गॅसला ज्योत निळीच राहते, हे मलाही ठाऊक आहे. पण हाताची सवय सुटत नाही.

ज्योत हिरवी झाली.

नळी झटकली, पुन्हा धरली. हिरवीगार. बेकरीवाला म्हणाला, "बाई, स्फोट तर नाही ना व्हायचा?" मी म्हटलं, "नाही हो, तुमचे केक सुखरूप आहेत." दुकानात येऊन उरलेले नऊही तपासले. बाहेर नाव नव्या गॅसचं, आत बंदी घातलेला जुना.

प्रशिक्षणाचा फॉर्म माझ्यासाठी तूच भरला होतास. तोवर आम्ही दुरुस्तीआधी जुना गॅस सरळ खिडकीबाहेर सोडायचो. लहानपणी त्या फुस्स आवाजाला आपण दोघं खिदळायचो. तो गॅस हळूहळू वर चढतो आणि उन्हातला जहाल भाग अडवणारा ओझोनचा थर खातो, त्यातून कातडीचे कॅन्सर, डोळ्यांचे आजार, पिकांची नासाडी, हे मला त्या वर्गात कळलं. जगातल्या सगळ्या देशांनी मिळून करार केला, तो गॅस बनवणं थांबवलं, आणि थर सावकाश भरून येतोय, हेही तिथेच कळलं. घरी येऊन मी म्हणाले होते, "एवढ्या भांडकुदळ देशांचं पटलं, मग आपलं का पटू नये?" तू म्हणालास, "त्यांना तुझ्यासारखी बहीण नाही ना!"

इतकं लिहिलं, आणि मूळ गोष्ट अजून टाळतेच आहे.

सिलिंडरच्या प्रत्येक खोक्यावर गोदीतल्या तपासणीचा कागद आहे. आतला माल तपासून सोडला, असं त्यावर छापलंय. खाली सही तुझी आहे.

दादा, न बघता केलीस, की बघून? गोदीत तुझ्या टेबलावर कागदांचा ढीग येतो, मान वर करायला फुरसत नसते, हे तूच सांगतोस. मी तेवढंच धरून बसलेय. पण चुकून एखादी सही होते रे. या दहा आहेत.

शनिवारी ओलं फडकं लावून मी एक कागद सोडवला. अख्खा निघाला. मग दरदरून घाम फुटला आणि परत चिकटवला, वाकडा. बाबा म्हणाले, "काय गं करतेस?" मी म्हटलं, "पुसतेय." सही त्यांना दाखवली नाही. खोकी भिंतीकडे तोंड करून ठेवलीत. त्यांनी आज दोनदा विचारलं, "दादाचा फोन नाही आला?"

दोन्ही फ्रीजमधला गॅस मी परत काढून सिलिंडरमध्ये बंद केलाय. लसी त्याआधी दुसरीकडे हलवल्या. न तपासता भरला, हे मी स्वतःच सांगणार आहे. माझं सर्टिफिकेट गेलं तर जाऊ दे.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता मी हे सगळं घेऊन ओझोनच्या सरकारी कचेरीत जाणार. टेम्पो सांगून ठेवलाय. मला खूप भीती वाटतेय, पण जाणार.

हे पत्र तुला बुधवारी मिळेल. गुरुवार अख्खा तुझा आहे. तू आपल्या पायांनी त्या कचेरीत गेलास, तर निदान तुझं कुणी ऐकून तरी घेईल. शुक्रवारी माझ्या तोंडून तुझं नाव निघालं, तर पुढचं मला लिहवत नाही.

तुझ्या आधी तिथे पोचायची अजिबात इच्छा नसलेली,
तुझी धाकटी